तुम्ही म्हणाल ती गाडी

माझा नवरा लिफ्ट इन्स्पेक्टर आहे. इमारतींमध्ये जाऊन लिफ्ट तपासतो आणि बऱ्याचशा नापास करून घरी येतो. माझे वडील सोफे आणि खुर्च्या शिवायचे. एकाच दुकानात, एकाच खिडकीजवळ बसून त्यांनी पन्नास वर्षं शिवलं. मी दवाखान्यात एक्स-रे काढते. आई घर सांभाळते, म्हणजे आम्हा तिघांना सांभाळते.

तीन वर्षांपूर्वी बाबांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांनी दुकान बंद केलं आणि आई-बाबा आमच्या घरात, खालच्या दोन खोल्यांमध्ये राहायला आले. पहिल्या महिन्यात बाबांनी स्वयंपाकघरातली चार स्टुलं नव्याने मढवली. दुसऱ्या महिन्यात जेवणाच्या सहा खुर्च्या. तिसऱ्या महिन्यात इस्त्रीचं टेबल. मग मढवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याची ऑफिसची बॅग उसवून आतून गादी भरून दिली.

"छान झालीय," नवरा म्हणाला.

बॅगेची चेन आता लागत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तो बॅग तान्ह्या बाळासारखी कवेत धरून कामाला जायला लागला.

या दोघांचं भांडण नव्हतं. तीच तर अडचण होती. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी सासरे-जावयांचं बोलणं "काय म्हणता?", "बरं आहे, तुमचं?", "बरं आहे" याच्या पुढे गेलं नव्हतं. दोघंही एकमेकांना इतका मान द्यायचे की घरात वावरणं अवघड झालं होतं. पंख्याचंच घ्या.

"पंखा लावू का, बाबा?"

"तुम्हाला हवा असेल तर लावा, जावईबापू."

"मला नको. तुम्हाला हवा असेल तर."

"माझं काही नाही. तुमच्यावर आहे."

मग पंखा लागायचा नाही आणि दोघंही घाम पुसत बसायचे. शेवटी आई उठून लावायची आणि दोघंही तिला म्हणायचे, "कशाला त्रास घेतलास?" आणि "कशाला त्रास घेतलात, आई?"

एके दिवशी आईने मला बाजूला घेतलं. "या दोघांना काहीतरी उद्योग दे," ती म्हणाली. "नाहीतर मी वेडी होईन. आज ह्यांनी माझी शॉपिंगची पिशवी मागितली."

मला जुन्या गाडीची कल्पना सुचली, कारण ती दोघांकडूनही वेगवेगळी ऐकली होती. लग्नाआधी नवरा म्हणाला होता की आयुष्यात एकदा तरी एखादी पन्नास-साठ वर्षांची गाडी घेऊन ती स्वतः उभी करायची आहे. आणि बाबा मी शाळेत असल्यापासून म्हणत होते की सोफ्याला काय, घरात बसून राहायचं, खरं शिवणकाम जुन्या गाड्यांच्या सीटांचं. घरामागे पत्र्याची एक मोठी शेड होती, आधीच्या मालकाने तिथे मधाच्या पेट्या ठेवल्या होत्या. ती रिकामीच होती.

रविवारी जेवताना मी विषय काढला. दोघांनीही मान डोलावली. दोघांचेही डोळे चमकले. दोघंही म्हणाले, "म्हणजे, तुम्ही म्हणत असाल तर."

नवऱ्याने जाहिराती चाळून तीन गाड्या निवडल्या आणि लिफ्टसाठी असतो तसा एक फॉर्म तयार केला. त्यात बेचाळीस मुद्दे होते. बाबांनी काही तयारी केली नाही. फक्त खिशात एक भिंग ठेवलं. गाडी चालवायला मी, कारण दोघांपैकी कुणीही चालवली तर दुसऱ्याने मागे बसायचं की पुढे, हे ठरायला अर्धा तास गेला असता.

पहिली गाडी भूगोलाच्या एका निवृत्त शिक्षकाकडे होती. लहानशी, दोन दारांची, मोहरीच्या फुलांच्या रंगाची. शिक्षकांनी गॅरेजचं शटर वर केलं आणि गाडी दाखवायच्या आधी एक जाडजूड फाईल माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. गाडी घेतल्या दिवसापासून तिला काय काय केलं ते सगळं त्यात होतं. टायर कधी बदलले, तेल कधी बदललं, वायपरचं रबर कधी बदललं. एका पानावर लिहिलं होतं, "डाव्या आरशाला चिमणीने चोच मारली. नुकसान नाही."

नवरा उभ्या उभ्या फाईल वाचायला लागला. त्याला एखादी गोष्ट मनापासून आवडली की त्याचे कान लाल होतात. पाचव्या पानावर कान लाल झाले. विसाव्या पानापर्यंत मानही लाल झाली होती.

गाडीचा तळ मात्र गंजून गेला होता. ड्रायव्हरच्या सीटवर बसलं की पायांमधून गॅरेजची फरशी दिसायची. शिक्षकांनी तेही फाईलमध्ये लिहून ठेवलं होतं, तारखेसकट.

बाबा आत बसले. सीटला पिवळसर रेक्झिन होतं, कारखान्यातल्या मशिनीवर शिवलेलं. बाबांनी त्यावर दोनदा थाप मारली, अनोळखी माणसाच्या कुत्र्याला मारावी तशी, आणि बाहेर आले.

"कशी वाटली, बाबा?"

"चांगली आहे. तुम्हाला?"

"चांगली आहे."

"मग तुम्ही म्हणाल तसं."

"नाही, नाही. तुम्ही म्हणाल तसं. अजून दोन बघायच्या आहेत."

दुसरी गाडी गुलाबांच्या नर्सरीत होती. मालकीणबाई साठीच्या, कोपरापर्यंत मातीचे हातमोजे घातलेल्या. त्यांनी आम्हाला काचेच्या शेडमध्ये नेलं. शेवटच्या टोकाला, कुंड्यांच्या रांगांमागे, एक लांबलचक डाळिंबी रंगाची गाडी उभी होती. पूर्वी एका हॉटेलची होती, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायची. टायर बसले होते. मागच्या खिडकीतून एक वेल आत शिरून दुसऱ्या खिडकीतून बाहेर पडला होता.

नवऱ्याने बॉनेट उघडलं. आत रोपांचे ट्रे होते.

"इंजिन?" त्याने विचारलं.

"इंजिन भावाकडे आहे," बाई म्हणाल्या.

"ते कुठे राहतात?"

"पलीकडच्या रस्त्यावर."

"म्हणजे आणता येईल."

"आणता येईल की. आमचं बोलणं नाही, एवढंच."

नवऱ्याने फॉर्मवर पाहिलं. 'इंजिन' या मथळ्याखाली आवाज, गळती, धूर असे सात मुद्दे होते. 'आहे की नाही' असा मुद्दा नव्हता. त्याने समासात बारीक अक्षरात लिहिलं, "नाही."

बाबा तोवर मागच्या सीटवर जाऊन बसले होते. सीट गडद तपकिरी चामड्याची होती. ठिकठिकाणी तडे गेले होते, पण शिवण जागची हलली नव्हती. फक्त उजव्या कोपऱ्यात वीतभर उसवली होती. बाबांनी भिंग काढलं. अंगठा शिवणीवरून हळूहळू फिरवत नेला, टोकाला पोचला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बारा मिनिटं हेच चाललं होतं. मी घड्याळ लावून मोजली, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"कशी वाटली, बाबा?"

"ठीक आहे," बाबा म्हणाले. भिंग अजून हातातच होतं. "तुम्हाला?"

"ठीक आहे."

घरी आल्यावर चहा करताना नवरा माझ्या कानाशी आला. "मला ती पिवळी फार आवडली," तो म्हणाला. "अशी फाईल मी जन्मात पाहिली नाही. पण बाबांना सांगू नकोस. त्यांना सीट आवडली नाही, उगीच मन मारून हो म्हणतील."

कप द्यायला खाली गेले तर बाबांनी दार लावून घेतलं. "मला ती लाल हवी आहे," ते म्हणाले. "पण जावईबापूंकडे बोलू नकोस हं. इंजिन नसलेली गाडी घ्या, असं कुठल्या तोंडाने सांगू? ते नाही म्हणायचे नाहीत, आणि जन्मभर मनात ठेवतील."

मी दोघांनाही शब्द दिला. ही माझी चूक. आईला सांगायला गेले तर तिला सगळं आधीच माहीत होतं. ती म्हणाली, "तू मध्ये पडू नकोस. पडलीस तर दोघं मिळून तुझ्यावर ढकलतील."

तिसऱ्या गाडीची मालकीण गुरांची डॉक्टर होती. ताठ कण्याची, पांढऱ्या केसांची, मोठ्या आवाजाची बाई. गाडी फिक्या बिस्किटी रंगाची, चार दारांची, नाकासमोर चालणाऱ्या माणसाने घ्यावी अशी. किल्ली फिरवली की सुरू होत होती. दिवे लागत होते. काचा वर-खाली होत होत्या. नवऱ्याने बेचाळीसपैकी बेचाळीस मुद्द्यांवर बरोबरची खूण केली आणि त्याचे कान जसेच्या तसे राहिले. बाबा सीटवर बसले, उठले, भिंग खिशातून काढलंच नाही.

"चांगली आहे," नवरा म्हणाला.

"चांगली आहे," बाबा म्हणाले.

"मग ही घ्यायची का, बाबा?"

"तुमची हरकत नसेल तर."

"माझी काही हरकत नाही. तुमची?"

"माझी कसली हरकत?"

अशा रीतीने ठरलं. दोघांपैकी कुणालाही नको होती, ती गाडी कुणाचीच हरकत नसल्यामुळे पसंत झाली. मी गाडीच्या टपावरची धूळ बघत उभी राहिले आणि तोंडातून ब्र काढला नाही.

डॉक्टरीणबाई मात्र हाताची घडी घालून दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. "काय करणार आहात हिचं?" त्यांनी विचारलं.

"दुरुस्त करणार," नवरा म्हणाला.

"काय दुरुस्त करणार?"

नवऱ्याने फॉर्मवर पाहिलं. बाबांनी बुटांकडे पाहिलं.

"धुऊन काढू," बाबा शेवटी म्हणाले.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं गाई-म्हशी तपासल्या. जनावराला बोलता येत नाही, तरी त्याला चारा नको असला की मला कळतं. तुम्हा दोघांना ही गाडी नको आहे."

"नाही, नाही," दोघंही एकदम म्हणाले.

"मी देत नाही."

"अहो, पण आम्ही घेतोय," नवरा म्हणाला.

"म्हणूनच देत नाही. जो कुणी 'हीच पाहिजे' म्हणेल त्याला देईन. तुम्ही चहा घेऊन जा हवं तर."

आम्ही चहा घेतला नाही. माझ्या नवऱ्याने बावीस वर्षांत हजारो लिफ्ट नापास केल्या होत्या, पण त्याला स्वतःला कुणी नापास करायची ही पहिलीच वेळ. गाडीत बसल्यावर त्याने सीटबेल्ट लावला, काढला, पुन्हा लावला.

दोन किलोमीटर गेलो. मग मागून बाबांचा आवाज आला. "तुम्हीच आधी म्हणालात चांगली आहे."

"मी फक्त फॉर्मवरचं म्हणालो."

"मी तुमच्या तोंडाकडे बघून म्हणालो."

"आणि मी तुमच्या तोंडाकडे बघून विचारलं."

मी गाडी रस्त्याच्या कडेला, एका लाकडाच्या वखारीसमोर घेतली, बंद केली आणि खाली उतरले. दार लावून घेतलं. काचा बंद होत्या. एक्स-रेच्या खोलीतही मी अशीच काचेपलीकडे उभी राहते, फक्त तिथे आतला माणूस हलत नाही.

इथे दोघंही हलत होते. नवरा पुढच्या सीटवरून अर्धा मागे वळला होता. बाबा दोन्ही हातांनी हवेत काहीतरी लांबलचक दाखवत होते, बहुधा ती लाल गाडी. नवऱ्याने फाईलचं पान उलटल्यासारखं केलं. मग त्याने मांडीवरची बॅग उचलून बाबांच्या नाकासमोर धरली आणि चेन ओढून दाखवली. बाबांनी ती हिसकावून स्वतः ओढून पाहिली. लागली नाही. बाबांचा चेहरा पडला, आणि लगेच पुन्हा चढला. वखारीचा मालक माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"कोण आहेत?" त्याने विचारलं.

"वडील आणि नवरा."

"किती वेळ चालेल?"

"नऊ वर्षांचं साचलंय," मी म्हटलं.

त्याने मला बसायला एक ओंडका दिला.

पंचवीस मिनिटांनी मागचं दार धाडकन उघडलं. बाबा डोकं बाहेर काढून माझ्यावर ओरडले, "हा काय म्हणतोय ऐकलंस का? म्हणतो, इंजिन नसलेल्या गाडीला गाडी म्हणत नाहीत! अरे, मग तू ज्या लिफ्ट बंद पाडतोस त्यांना काय म्हणतात?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा बाबा त्याला अरे-तुरे करत होते. नवऱ्याच्याही ते लक्षात आलं होतं. त्याने सीटबेल्ट काढला. मग म्हणाला, "बाबा, तुम्हाला गाडीतलं काही कळत नाही."

"आणि तुला बसण्यातलं काही कळत नाही!"

"मग चला. आत्ता जाऊ. त्या लाल गाडीखाली शिरतो आणि दाखवतो तुम्हाला."

"चल!"

मी ओंडक्याबद्दल वखारवाल्याचे आभार मानले आणि गाडी नर्सरीकडे वळवली.

नर्सरीच्या बाईंनी कुंड्या बाजूला केल्या. नवऱ्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या, एक छोटी हातोडी घेतली आणि गाडीखाली शिरला. ठण, ठण, ठण असा आवाज येत राहिला. मग एकदा ठप असा आला. मग हातोडीचं डोकं आत गेल्याचा आवाज आला, म्हणजे कुठलाच आवाज आला नाही.

"किती वाईट आहे?" बाबांनी वाकून विचारलं.

"खालच्या सांगाड्याचे, चासीचे दोन आडवे बार गेलेत. उभ्यापैकी एक गेलाय, दुसरा जायच्या वाटेवर आहे."

"लिफ्ट असती तर काय केलं असतंस?"

"इमारत रिकामी करायला सांगितली असती."

बाबांचा विश्वास बसेना. बाईंनी एक गोणपाट अंथरलं आणि एकाहत्तर वर्षांचे माझे वडील पाठीवर झोपून सरकत गाडीखाली गेले. बराच वेळ मला दोघांचे फक्त पाय दिसत होते. बाबांनी पत्र्यात बोट घातलं असावं, कारण गंजाचे पापुद्रे चुऱ्यासारखे खाली पडले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या भुवया तांबड्या झाल्या होत्या. ते सरळ मागच्या सीटवर जाऊन बसले. नवरा त्यांच्या शेजारी जाऊन बसला. मी खिडकीतल्या वेलाशी उभी राहिले.

"ही शिलाई मला कधी जमली नाही," बाबा म्हणाले. "मी चौदा वर्षांचा असताना ज्या उस्तादाकडे लागलो, तो असं शिवायचा. त्यानंतर असं शिवलेलं आज बघतोय. दुकानात गिऱ्हाइकांना मी सांगायचो, आता तसलं चामडं मिळत नाही. चामडं मिळायचं. मला येत नव्हतं."

नवऱ्याने शिवणीवरून अंगठा फिरवला.

"असू दे," बाबा म्हणाले. "तू म्हणतोस ते बरोबर आहे. खालून काही राहिलेलं नाही. आपण ती पिवळी घेऊ. सीट भंगार आहे, मी रोज बोलून दाखवीन, पण फाईल चांगली आहे."

नवऱ्याने फॉर्म काढला. वरपासून खालपर्यंत वाचला. बेचाळीसपैकी चौतीस ठिकाणी फुली होती.

"ही नापास आहे," तो म्हणाला. "घेऊया."

बाबांना वाटलं तो पुन्हा मान देतोय. ते भडकले. "माझ्यासाठी म्हणू नकोस! आत्ताच एवढं भांडून आलोय आपण!"

"तुमच्यासाठी नाही," नवरा म्हणाला. "मी बावीस वर्षं नापासचा शिक्का मारतो आणि निघून येतो. पुढच्या वेळी जातो तर कुणीतरी सगळं नीट करून ठेवलेलं असतं. कसं केलं, मी कधी पाहिलं नाही. त्या पिवळीचं सगळं त्या शिक्षकांनी लिहून ठेवलंय. मला तिथे करण्यासारखं काय आहे? वाचतच बसेन." त्याने पुढच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला. "इथे फुल्याच फुल्या आहेत."

त्याचे कान लाल झाले होते. मी पाहिलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही इंजिन आणायला बाईंच्या भावाकडे गेलो. पलीकडच्या रस्त्यावर त्यांची लाँड्री होती. गृहस्थ वाफेच्या इस्त्रीमागे उभे होते. बाबांनी वाटेत पाठ केलेलं भाषण सुरू केलं, की तुम्हा बहीण-भावांच्या मधलं आम्हाला काही माहीत नाही, आम्ही त्रयस्थ आहोत, तरी मोठ्या मनाने...

"इंजिन ना?" गृहस्थ म्हणाले. "घेऊन जा. चौदा वर्षं पायाला लागतंय."

त्यांनी टेबलावरची चादर वर केली. खाली इंजिन होतं. त्यावर चपला काढून ठेवायची सोय केली होती.

"मग परत का दिलं नाहीत?" मी विचारलं.

"तिने मागितलंच नाही."

परत जाऊन बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी कशाला मागू? त्याला कळायला नको?" मूळ भांडण कशावरून झालं तेही आम्ही दोघांना विचारलं. दोघांनी वेगवेगळं कारण सांगितलं आणि दोन्ही कारणांचा गाडीशी संबंध नव्हता. आम्ही इंजिन आणि गाडी एकाच ट्रकवर चढवून घरी आणली.

त्यानंतरची दोन वर्षं घरात शांतता म्हणून राहिली नाही. शेडमधून सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून आवाज यायचे. अर्धे हातोडीचे, अर्धे यांचे. बाबा वेल्डिंग शिकले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावल्याप्रमाणे काळा मुखवटा चढवून ते चासीचे बार जोडायचे आणि नवरा त्यांचा प्रत्येक जोड ठोकून पाहायचा.

"नापास," तो म्हणायचा.

"कुठे नापास?"

"इथे हवा राहिलीय. तोडा."

"तुझ्या डोक्यात हवा राहिलीय," असं म्हणून बाबा तोडायचे.

आई मला म्हणाली, "पूर्वीचं बरं होतं गं. निदान दुपारी झोप लागायची." पण हे म्हणताना ती त्यांच्यासाठी सरबताची किटली भरत होती.

सीटना बाबा हात लावायला तयार नव्हते. त्या उचलून त्यांनी खालच्या खोलीत आणून ठेवल्या होत्या. संध्याकाळी ते मागच्या सीटसमोर स्टूल घेऊन बसायचे. आठ महिने नुसते बघत होते. मग एका शनिवारी त्यांनी ती उसवलेली वीतभर शिवण आणखी चार बोटं उसवली, आत भिंग धरलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"बघ. मेणाचा दोरा, दोन दाभणं, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी. आणि घाई नाही. बस्स. एवढंच आहे." ते मांडीवर हात टेकून बसले. "सत्तावन्न वर्षं झाली."

"उस्तादाला विचारायचं होतं," नवरा म्हणाला.

"उस्तादाला विचारतात का कधी? बघून शिकायचं असतं."

"मग बघितलं का नाही?"

"तो आमच्याकडे पाठ करून बसायचा ना!"

नवऱ्याला हसू आवरेना. बाबा आधी रागावले, मग त्यांनाही आवरेना. मग त्यांनी दाभण उचललं आणि नवऱ्याला समोर बसवून, तोंड त्याच्याकडे करून, पहिला टाका घातला. ती शिवण पुरी व्हायला अकरा दिवस लागले. झाल्यावर नवऱ्याने भिंगातून तपासली.

"कुठून कुठपर्यंत तुमची ते कळतंय," तो म्हणाला.

"कळणारच," बाबा म्हणाले. "पास की नापास?"

नवऱ्याने पुन्हा एकदा भिंग लावलं. "पास," तो म्हणाला. "शेरा मारून."

गाडी पहिल्यांदा रस्त्यावर निघाली ती मागच्या महिन्यात, एका रविवारी सकाळी. नवरा स्टिअरिंगवर, बाबा शेजारी, मी आणि आई मागे. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, हे इतकं अनपेक्षित होतं की दोघंही एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. गल्ली ओलांडली. शाळेवरून गेलो. बँकेसमोर गाडीने एकदा खोकल्यासारखं केलं आणि ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"पेट्रोल," बाबा म्हणाले.

"पेट्रोल आहे. प्लग असणार."

"प्लग मी काल पाहिले."

"तुम्ही पाहिले म्हणूनच म्हणतोय."

मागे तीन गाड्या थांबल्या. बँकेचा पहारेकरी येऊन बॉनेटमध्ये डोकावला आणि म्हणाला की त्याच्या काकांच्या गाडीलाही असंच व्हायचं. एक बाई सायकलवरून उतरली आणि तिने कार्ब्युरेटर सुचवला. शेवटी असं ठरलं की आधी ढकलून कडेला घ्यावी. नवरा एका हाताने स्टिअरिंग धरून दारातून ढकलायला लागला. बाबा आणि मी मागे आलो. पहारेकऱ्याने बंदूक पाठीवर घेतली आणि तोही लागला.

"आई, तू उतर ना," मी खिडकीतून म्हटलं. "वजन कमी होईल."

आई मागच्या सीटवर रेलून, पाय लांब करून बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलं, बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं.

"मी नाही उतरत," ती म्हणाली. "ढकला."

आम्ही ढकललं. गाडी हलेना. चौघांनी पुन्हा जोर लावला. बाबांचा श्वास फुलला, नवऱ्याचा बूट घसरला, पहारेकऱ्याने देवाचं नाव घेतलं. मग आईनेच खिडकीतून मान बाहेर काढली आणि विचारलं, "हा पुढे उभा दांडा आहे, तो वर असायचा असतो की खाली?"

नवऱ्याने हँडब्रेक सोडला. गाडी आईला घेऊन अलगद पुढे निघाली आणि आम्ही चौघं तिच्यामागे धावलो.